पेन्शनीत निघाल्यावर

माझे दाजी सतरा वर्षांची नोकरी करून २०१७ साली पलटणीतून घरी आले, तेव्हा आमच्या बौद्धवाड्यात त्यांचा सत्कार झाला. विहारासमोर मंडप, हार, शाल, दोन-चार भाषणे. काळ्या पत्र्याच्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगात लिहिलेला त्यांचा नंबर वाड्यातली पोरे मोठ्याने वाचीत होती. दाजींचे वय त्या वेळी छत्तीस. भाषण करणाऱ्यांत मीही होतो. देशसेवा, शिस्त, बाबासाहेबांचे सैनिकी घराणे असे बरेच काही मी बोललो. एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात आली नाही. ह्या माणसाच्या पुढे अजून किमान बावीस-चोवीस वर्षांचे कमावते आयुष्य आहे आणि ते कसे जायचे, ह्याचा विचार ना त्याने केला होता, ना त्याच्या घराने, ना त्याच्यासाठी शाली आणणाऱ्या आम्ही शिकलेल्यांनी.

तीन महिन्यांनी दाजी शहरातल्या एका सोसायटीच्या फाटकावर बारा तास उभे राहू लागले. अंगात पुन्हा गणवेश आला. फरक एवढाच की आता सलाम मोटारीला होता.

हा लेख त्या फाटकाविषयी आहे. चळवळीत आपण गावकीवर, नोकऱ्यांवर, शिष्यवृत्त्यांवर पुष्कळ लिहिले. सैन्यातून परतलेला दलित माणूस मात्र आपल्या लेखी 'सुटलेला' माणूस ठरतो. त्याला पेन्शन आहे, कॅन्टीन कार्ड आहे, त्याचे बरे चालले आहे, असे आपण गृहीत धरतो. तिन्ही दलांतून दरवर्षी सुमारे साठ हजार माणसे बाहेर पडतात आणि त्यांतले बहुतेक शिपाई-हवालदार पस्तीस ते पंचेचाळीस वयाचे असतात. साहेब लोकांची निवृत्ती वेगळी. त्यांच्या ओळखी असतात, इंग्रजी असते. शिपायाच्या हाती डिस्चार्ज बुक असते.

ह्या प्रश्नाला आपल्याकडे जुना इतिहास आहे. तो आपण अभिमानाने सांगतो खरे, पण त्याचा अर्थ नीट लावत नाही. कंपनीच्या आणि नंतर राणीच्या मुंबई फौजेत महार शिपाई होते. फौजेत शिक्षण होते आणि ते शिपायांच्या मुलामुलींनाही मिळत होते. रामजी सकपाळ फौजेतल्या शाळेत शिक्षक होते. १८९४ साली ते सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि कुटुंब दापोलीच्या कॅम्पात आले, जिथे पेन्शनरांची वस्ती होती. पुढे साताऱ्याकडे आल्यावर, दुष्काळी तलावाचे काम चालले होते तिथे, रामजींनी खजिनदाराची नोकरी धरली. म्हणजे सुभेदार असूनही दुसरी नोकरी शोधावी लागलीच. ह्याच दापोली-महाड पट्ट्यात पेन्शनीत निघालेले गोपाळबाबा वलंगकर लिहू-बोलू लागले. त्यांचे 'विटाळ विध्वंसन' १८८८चे. १८९२-९३च्या सुमारास महारांची भरती बंद झाली, तेव्हा त्याविरुद्ध अर्ज करणारे हेच लोक होते. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनीही सरकारकडे तीच मागणी नेली. भरती बंद होण्याचा अर्थ केवळ रोजगार जाणे असा नव्हता. फौजेतली शाळा गेली, पेन्शनीची वस्ती गेली आणि तिथून वर येणारी दुसरी पिढीही अडली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली १११वी महार पलटण उभी केली आणि १९२१ साली मोडली. गरज सरली, वैद्य मरो. त्या मोडलेल्या पलटणीतले लोक कुठे गेले? गावी, आणि गावी त्यांच्यासाठी गावकीच वाट पाहत होती. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे बाबासाहेबांचा आग्रह होता हे सर्वांना ठाऊक आहे.

ह्या सगळ्यातून मी एवढेच घेतो की आपल्या माणसाला फौजेने जे दिले ते बाहेर आल्यावर टिकायचे, तर त्याचे रूपांतर शिक्षणात किंवा पक्क्या नोकरीत व्हावे लागले. जिथे झाले नाही तिथे गणवेश उतरताच गावाने जुने नाव परत चिकटवले. दाजींना पलटणीत सगळे 'हवालदार साब' म्हणत. गावात पहिल्याच आठवड्यात पाटलाच्या पोराने त्यांना, वयाने दहा वर्षांनी लहान असून, एकेरी हाक मारली. दाजी मला म्हणाले, "मास्तर, तिकडं सतरा वर्षांत मला कुणी अरे-तुरे केलं नाही." मला ते मास्तरच म्हणतात, मी महाविद्यालयात असूनही.

आता कागदाकडे वळतो, कारण आपल्या माणसांचा घात बहुधा कागदावर होतो.

केंद्र सरकारच्या खात्यांत माजी सैनिकांसाठी गट 'क' मध्ये १० टक्के आणि पूर्वीच्या गट 'ड' मध्ये २० टक्के जागा आहेत. सरकारी बँका आणि सार्वजनिक उपक्रमांत हेच प्रमाण साडेचौदा आणि साडेचोवीस टक्के आहे. त्यात युद्धात कायमचे जायबंदी झालेले आणि कामी आलेल्यांचे कुटुंबीय धरलेले आहेत. महाराष्ट्र शासनाच्या गट 'क' आणि 'ड' मध्ये १५ टक्के. हे आकडे वाचले की वाटते, आणखी काय पाहिजे? पण भरती ह्या प्रमाणाच्या पुष्कळ खाली राहते, ही तक्रार संसदीय समित्यांनीही केली आहे. जागा असते, जाहिरात निघते, लायक माणूस मिळाला नाही असा शेरा पडतो आणि जागा दुसऱ्याने भरली जाते. लायक माणूस त्या वेळी कुठल्या तरी फाटकावर उभा असतो आणि त्याला जाहिरात ठाऊक नसते.

हे आरक्षण समांतर आहे, हे आपल्या कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे, कारण ह्याविषयी आपल्यातच गैरसमज आहेत. जातीचे आरक्षण उभे, माजी सैनिकाचे आडवे. १९९२च्या मंडल निकालाने ही भाषा रूढ केली. राज्यात १०० जागा निघाल्या तर अनुसूचित जातींच्या १३. त्या तेरांतले १५ टक्के म्हणजे जेमतेम दोन जागा अनुसूचित जातीच्या माजी सैनिकाला. तो निवडला गेला की तेरांतच मोजला जातो. "फौजीवाले आमच्या पोरांच्या जागा खातात" असे एका विद्यार्थ्याने मला वर्गात ऐकवले. त्याचे म्हणणे चूक आहे. जागा जातीबाहेर जात नाही. माजी सैनिक नाही मिळाला तर ती त्याच प्रवर्गातल्या दुसऱ्या उमेदवाराला मिळते. शिवाय आपला माजी सैनिक गुणांवर खुल्या प्रवर्गातल्या माजी सैनिकाच्या जागेवरही दावा सांगू शकतो. समांतर आरक्षणात खुली जागा ही कुणा एका जातीची राखीव जागा नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सौरव यादव प्रकरणात स्त्रियांच्या जागांबाबत स्पष्ट केले आहे. म्हणून अर्ज भरताना दोन्ही खुणा करायच्या, जातीची आणि माजी सैनिकाचीही. वय, शुल्क वगैरे सवलत जातीवर घेतली तर खुल्या जागेवरचा हक्क राहतो का, ही अट जाहिरातीत शोधून वाचायची. वाचणार कोण? आपण.

वयाचे भय बाळगू नये. केंद्राच्या नियमात झालेली सैनिकी सेवा वयातून वजा करतात आणि उरलेले वय मर्यादेपेक्षा तीन वर्षांहून जास्त नसले म्हणजे झाले. दाजींचे छत्तीसातून सतरा गेले, राहिले एकोणीस. शिक्षणाचेही तसेच आहे. दहावी झालेल्या आणि किमान पंधरा वर्षे सेवा केलेल्या माजी सैनिकाला, ज्या राखीव गट 'क' पदाला पदवी लागते पण तांत्रिक अनुभव लागत नाही, तिथे पात्र धरता येते. त्याचे प्रमाणपत्र मिळते. मात्र ही खरी पदवी नव्हे. त्यावर एम.ए. किंवा बी.एड.ला प्रवेश मिळत नाही. दाजी ते प्रमाणपत्र घेऊन आमच्या कॉलेजच्या ऑफिसात आले आणि क्लार्कने सर्वांसमोर हसून परत केले. त्याला नियम सांगता येत नव्हता, हसता येत होते. नोकरीत असतानाच इग्नू किंवा आपल्या नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली असती तर हा प्रसंग आला नसता. वेळ होता, सांगणारे नव्हते.

आता माझी चूक सांगतो.

निवृत्तीच्या मुदतीआधी एक वर्षापासून सैनिक नागरी नोकरीसाठी अर्ज करू शकतो. दाजींनी ते वर्ष वाया घालवले, कारण त्यांना माहीत नव्हते आणि मलाही नव्हते. घरी आल्यावर मात्र मी त्यांच्याकडून चार अर्ज भरून घेतले. पहिला निकाल सर्वांत खालच्या पदाचा आला, एका केंद्रीय कार्यालयातल्या शिपायाच्या कामाचा. फाटकावरचे बारा तास पाहून मी म्हणालो, "दाजी, हातचं सोडू नका." ते रुजू झाले. सहा महिन्यांनी त्यांच्याहून वरच्या, त्यांच्या कामाला साजेशा पदाच्या यादीत त्यांचे नाव आले आणि कागदपत्र तपासणीत ते बाद झाले. माजी सैनिक म्हणून एकदा नागरी सरकारी नोकरी घेतली की राखीव जागेचा तो हक्क संपतो; पुढे वयाची सवलत तेवढी राहते. ह्याला एक वाट होती. १४ ऑगस्ट २०१४च्या केंद्राच्या आदेशाप्रमाणे रुजू होतानाच "मी ह्या ह्या तारखांना ह्या ह्या पदांसाठी आधीच अर्ज केलेले आहेत" असे लेखी निवेदन त्या कार्यालयाला दिले असते, तर हक्क शाबूत राहिला असता. एका पानाचा कागद. तो मागण्याचे सौजन्य त्या कार्यालयाने दाखवले नाही, आणि द्यायला हवा हे सांगण्याइतके वाचन ह्या प्राध्यापकाचे नव्हते. दाजी मला एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

आणखी एक बाब ह्याच ओघात. खासगी सुरक्षा एजन्सीतली किंवा कंत्राटी, केव्हाही काढून टाकता येईल अशी नोकरी केल्याने हा हक्क जात नाही. म्हणजे फाटकावर उभे राहून अर्ज करीत राहणे नियमात बसते. पण फाटकच लोकांना गिळते. बारा तासांनंतर अभ्यास होत नाही. राज्यात माजी सैनिकांचे 'मेस्को' महामंडळ आहे, दिल्लीला पुनर्वसन महासंचालनालय आहे, प्रत्येक जिल्ह्यात सैनिक कल्याण कार्यालय आहे. तिथूनही काम मिळते ते पुष्कळदा सुरक्षारक्षकाचेच. मी त्या कामाला कमी लेखत नाही, पोट भरणारे काम आहे. पण दाजी सतरा वर्षे अवजड गाड्यांचे मेकॅनिक होते. बर्फात बंद पडलेले इंजिन त्यांनी चालू केले आहे. वाहन दुरुस्तीच्या एका मोठ्या कारखान्यात मुलाखतीला गेले, तेव्हा अर्जात 'पद – हवालदार' एवढेच लिहिलेले. समोरच्याला वाटले पोलीस हवालदार. पहिला प्रश्न आला, "पोलीस खातं का सोडलं?"

म्हणून अर्ज कसा लिहावा हे शिकवणे हे आपल्या भाषाशिक्षकांचे काम आहे असे मी मानतो. दहा जणांची तुकडी सांभाळली, हे 'नायक' ह्या शब्दातून बाहेरच्याला कळत नाही. किती गाड्या, कोणत्या बनावटीच्या, किती माणसे हाताखाली, भांडाराचा हिशेब कुणाकडे, हे साध्या मराठीत आणि साध्या इंग्रजीत लिहावे लागते. सैन्यातले ट्रेड आणि बाहेरचे कौशल्य ह्यांची जुळणी पुनर्वसन महासंचालनालयाने केलेली आहे. शेवटच्या वर्षात काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंतचे प्रशिक्षणही मिळते. दाजींच्या पलटणीत त्या वर्षी यादी आली होती. ते तेव्हा सीमेवर होते.

आता अक्काकडे येतो. खरे तर तिच्यापासूनच सुरुवात करायला हवी होती, पण आपल्या लिखाणाला सवय लागलेली असते.

अक्का लग्नाआधी डी.एड. झालेली. आमच्या घरातली दहावीपुढे गेलेली पहिली मुलगी. पदवीपर्यंत मी गेलो तो तिच्या जुन्या वह्यांवर. २००६ साली लग्न झाले आणि ती जबलपूर, भटिंडा, जोधपूर असे फिरू लागली. दर दोन-तीन वर्षांनी बदली. प्रत्येक ठिकाणी कुठल्या ना कुठल्या शाळेत तात्पुरती शिकवायची, बदली आली की सोडायची. दाजी सीमेवर गेले की मुलीला घेऊन सासरी. अकरा वर्षांत तिच्याकडे अनुभवाचे तीन दाखले जमले. त्यांतली एक शाळा बंद पडली. परत आली तेव्हा महाराष्ट्रात २०१३ पासून शिक्षकांसाठी टी.ई.टी. लागू झालेली. पुस्तकांचा संबंध तुटलेला. पहिल्यांदा नापास, २०१८ साली पास. पण भरतीची अभियोग्यता चाचणी २०१७च्या डिसेंबरात होऊन गेली होती आणि पुढची थेट २०२३ साली झाली. तोवर तिने एका खासगी शाळेत, सही एका आकड्यावर आणि पगार दुसऱ्याच आकड्याचा, अशी नोकरी केली. २०२३च्या चाचणीत पंचविशीतल्या मुलींबरोबर बसली. यादीत नाव आले नाही. एकदा जेवताना म्हणाली, "त्यांची सर्व्हिस सतरा वर्षांची. माझी अकरा कुणी मोजली का?"

हयात सैनिकाच्या बायकोसाठी नोकरीत जवळजवळ काही नाही. सैनिकी पत्नींच्या कल्याणासाठी १९६६ पासून 'आवा' ही संस्था आहे. छावणीच्या आत तिचा आधार आहे, पण छावणी सुटली की तोही सुटतो. नियमांना सैनिकाची बायको दिसते ती बहुधा विधवा झाल्यावर. मग प्राधान्य आहे. विधवांना केंद्राच्या गट 'क' पदांसाठी वयाची मर्यादा पस्तिसापर्यंत, अनुसूचित जाती-जमातींच्या स्त्रियांना चाळिसापर्यंत शिथिल होते. मुलांना आणि विधवांना पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे. पण तिथेही कागद आडवा येतो. आमच्या वाड्यातल्या एका बाईचे लग्न बौद्ध पद्धतीने विहारात झाले, नोंदणी कुणी केली नाही आणि पलटणीच्या दप्तरात लग्नाची नोंद, ज्याला ते पार्ट टू ऑर्डर म्हणतात, ती झालीच नाही. नवरा आजाराने गेला. पुढे कुटुंबवेतनासाठी ती बायकोच आहे हे सिद्ध करण्यात दीड वर्ष गेले. मंगल परिणय लावणाऱ्या आपल्या बौद्धाचार्यांनी दुसऱ्या दिवशी त्या जोडप्याला नोंदणीला पाठवावे, नवरा फौजेत असेल तर हटकून.

आणि मुलांच्या जातीचे काय? माझी भाची जबलपूरला जन्मली, तीन राज्यांतल्या शाळांत शिकली. तिच्या शाळेच्या दाखल्यावर 'एस.सी.' एवढेच, जात नाही, गाव नाही. एका राज्यातली अनुसूचित जात दुसऱ्या राज्यात सवलतीसाठी चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० सालीच ठरवून टाकले आहे. म्हणजे सवलत हवी तर महाराष्ट्रातूनच, आणि महाराष्ट्रात जात वैधतेला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे वास्तव्य दाखवावे लागते. त्यातच भरतीच्या वेळी कारकुनाने दाजींच्या धर्माच्या रकान्यात 'हिंदू' लिहिलेले, शाळेच्या दाखल्यावर 'बौद्ध'. बौद्धांना केंद्राच्या सवलती १९९० साली मिळाल्या, त्याला किती वर्षे झाली, तरी तपासणारा साहेब विचारतोच, "नक्की काय?" शेवटी पणजोबांची कोतवाल बुकातली नोंद तहसिलातून काढली. पान फाटत आलेले होते. देशाच्या तीन सीमांवर राहिलेल्या बापाच्या मुलीची ओळख त्या पानावर टिकली.

२०२२ पासून भरतीची रीतच बदलली आहे. अग्निवीर चार वर्षांसाठी. त्यांतले चौथा हिस्सा पुढे कायम, बाकीचे बाहेर. जाताना सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये, ज्यांतले जवळजवळ निम्मे त्याच्याच पगारातून कापलेले. पेन्शन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. म्हणजे वर सांगितलेल्या साडेचौदा, पंधरा, वीस टक्क्यांचे दार त्याला ह्या दर्जावर उघडत नाही. निमलष्करी दलांत त्यांच्यासाठी वेगळ्या जागा ठेवल्या आहेत, त्यांचा माग वेगळा ठेवावा लागेल. दाजी छत्तिसाव्या वर्षी आले. हा बाविसाव्या-चोविसाव्या वर्षी येईल. वय हाती असेल, शिकता येईल. पण ते पैसे बहिणीच्या लग्नात आणि घराच्या पत्र्यात गेले, तर तोही फाटकावरच.

आमच्या कॉलेजात दर रविवारी सकाळी दहा ते बारा आम्ही तिघे बसतो: मी, ग्रंथपाल आणि दाजी. जाहिराती वाचतो, अर्ज भरतो, २०१४च्या त्या निवेदनाचे कोरे नमुने ठेवले आहेत. बायकांना बरोबर घेऊन या, असे आम्ही मुद्दाम सांगतो. कागद कुठे आहेत हे त्यांनाच माहीत असते. आतापर्यंत आलेल्यांत निम्म्याहून जास्त मराठा समाजातले आहेत, आणि ते आमच्या टेबलाशी बसून आमच्याच पेल्यात चहा पितात. ह्याचा अर्थ काय लावायचा ते मी अजून ठरवलेले नाही.

गेल्या महिन्यात दाजींच्या धाकट्या चुलतभावाचा मुलगा अग्निवीर म्हणून गेला. सत्काराचा मंडप ह्या वेळीही होता. अक्काने मात्र त्याला गाडीत बसण्याआधी घरात बोलावले आणि त्याच्याकडून दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळेचा दाखला, जातीचा दाखला आणि आधार ह्यांच्या प्रती घेऊन स्वतःच्या फाईलला लावल्या. मुक्त विद्यापीठाचा बी.ए. प्रथम वर्षाचा अर्जही तिनेच भरून ठेवला होता; त्याने फक्त सही केली. जात वैधतेचे प्रकरण अजून समितीकडे आहे.